साथीचे संगीत: फँटसी गेमसाठी पार्श्वसंगीत कसे निवडावे

गेम बनवायला नव्याने बसलेली मंडळी संगीत बहुधा एकाच पद्धतीने निवडतात. कानाला हेडफोन लावायचा, एखाद्या संगीतसंग्रहातले पन्नास-साठ तुकडे ओळीने ऐकायचे आणि ज्याने अंगावर काटा आला तो उचलून गेममध्ये टाकायचा. ही पद्धत फसते हे मी अनुभवाने सांगतो, कारण मीही तेच केले होते. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घराच्या माडीवर माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र एक छोटा फँटसी गेम तयार करीत होते. मी बरीच वर्षे पेटीची साथ करीत आलो आहे आणि काही नाटकांना संगीतही दिले आहे, म्हणून संगीत निवडण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले. गेममधल्या गावासाठी मी एक भरगच्च तुकडा निवडला. त्यात तीस-चाळीस व्हायोलिने, तुताऱ्या आणि समूहस्वर होते, आणि त्याची लांबी होती ९० सेकंद. सर्वांना तो फार आवडला. प्रत्यक्ष खेळून पाहिले तेव्हा गावातली कामे उरकायला ४५ मिनिटे लागली, म्हणजे तो तुकडा ३० वेळा वाजला, आणि दुपारपर्यंत चौघांनीही आवाज बंद करून टाकला होता. पुतण्या म्हणाला, “काका, चाल वाईट नाही, पण ती गप्पच बसत नाही.”

त्याच्या त्या वाक्यानंतर मला जे सुचायला हवे होते ते सुचले. ख्यालाच्या मैफलीत विलंबित एकताल चालू असताना तबलजी ठेका धरून बसतो, पेटीवाला गायकाच्या मागून सावलीसारखा जातो आणि तंबोरा तर कोणाच्या लक्षातही न येता सगळ्याला आधार देतो. गेममध्ये गायकाच्या जागी खेळाडू असतो. त्यामुळे त्याच्यासाठी निवडायचे संगीत हे साथीचे संगीत असते, आणि साथीदाराला गवयापेक्षा वेगळ्या कसोटीवर पारखावे लागते. पुढील पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: वेळेचा तक्ता

संगीत ऐकायला सुरुवात करण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि गेममधल्या प्रत्येक ठिकाणाची नोंद करावी: गाव, जंगल, किल्ला, तळघर, दुकान, लढाई, सुरुवातीचा मेनू. प्रत्येक नावापुढे खेळाडू तिथे पहिल्यांदा किती मिनिटे राहील, पुन्हा किती वेळा येईल, तिथे त्याला मजकूर वाचायचा आहे का, पात्रांचे बोलणे ऐकायचे आहे का आणि तिथे त्याच्या जिवाला धोका आहे का, हे लिहावे. आकडे अंदाजाने न लिहिता, गेम न पाहिलेल्या एखाद्याला तो खेळायला देऊन घड्याळ लावून घ्यावेत, कारण स्वतः बनवलेल्या गावातून बनवणारा पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि नवखा माणूस विहिरीपाशीच वीस मिनिटे घुटमळतो.

आता हिशेब करावा. गावात ४५ मिनिटे जाणार असतील आणि तुकडा दीड मिनिटाचा असेल, तर ३० आवर्तने होतात. तोच तुकडा साडेतीन मिनिटांचा असेल आणि दर वेळी तो संपल्यावर एक मिनिट नुसता वारा, पाखरे आणि बाजाराचा गलका ऐकू येत असेल, तर आवर्तने १० वर येतात. एका बैठकीत दहाच्या वर आवर्तने जात असतील, तर तुकडा लांब तरी करावा किंवा विरळ तरी, असा माझा ठोकताळा आहे. याउलट दुकानात खेळाडू अर्धा मिनिट थांबत असेल, तर तिथे वीस सेकंदांचा साधा ठेका पुरतो आणि त्यासाठी डोके शिणवण्याचे कारण नाही. अंगावर काटा आणणारा तो भरगच्च तुकडा फेकून देऊ नये. त्याची जागा सुरुवातीच्या मेनूवर, शेवटच्या लढाईत किंवा कथेतल्या एखाद्या मोठ्या वळणावर असते, म्हणजे तो क्वचितच ऐकू येईल अशा ठिकाणी.

दुसरी पायरी: संगीत कुठे नको ते ठरवणे

तक्ता झाल्यावर त्यातली संगीताशिवायची ठिकाणे आधी खोडावीत. नवशिक्यांना हे अवघड जाते, कारण शांतता म्हणजे काम अपुरे राहिले अशी त्यांची समजूत असते. २०१७ मध्ये आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये उघड्या माळावर बहुतेक वेळ वारा, गवत आणि पावले ऐकू येतात आणि मधूनच पियानोचे चार स्वर पडून थांबतात. इतक्या मोठ्या प्रदेशात तासन्‌तास भटकूनही कान शिणत नाहीत ते या विरळपणामुळे.

ग्वाल्हेरच्या वाचकांना यासाठी उत्तम पाठशाळा घराजवळच आहे. किल्ल्यावर मान मंदिराच्या खालच्या मजल्यांवर उतरावे आणि पाच मिनिटे न बोलता उभे राहावे. वरचा वारा तुटतो, आपलीच पावले भिंतीवरून परत येतात, आणि दुसऱ्या कोणाचा खोकला कुठून आला ते कळत नाही. गेममधल्या तळघराला याहून अधिक भीतिदायक संगीत मिळणे कठीण आहे. तिथे पावलांना खोलीचा प्रतिध्वनी द्यावा, पाण्याचा थेंब ठेवावा आणि फार तर एक खर्जातला सूर हलकेच धरून ठेवावा.

तिसरी पायरी: जगाची वाद्ये ठरवणे

फँटसी म्हटले की हार्प, ल्यूट, शिंगे आणि समूहस्वर घ्यायचे, ही केवळ सवय आहे. त्या वाद्यांमागे युरोपीय मध्ययुगाची कल्पना आहे, आणि तुमचे जग तसे असेल तर ती जरूर घ्यावीत. तुमच्या जगात मात्र टेकडीवर निळ्या फरशांचा महाल असेल, तर त्याची वाद्ये वेगळी असायला हवीत. कोणतेही जग असले तरी पाच-सहा वाद्ये ठरवून संपूर्ण गेम शक्यतो त्यांच्यातच बसवावा. दहा संग्रहांतून दहा तुकडे उचलले, तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चांगला असूनही जग दहा ठिकाणचे वाटते, आणि नवशिक्यांच्या गेममध्ये हा दोष सर्वांत आधी कानाला खटकतो.

आपल्याकडची वाद्ये घ्यायची असल्यास साधने हाताशी आहेत. ग्वाल्हेरचे राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) यांच्या दरबारात ध्रुपदाला आश्रय मिळाला, म्हणून दरबार, युद्धसभा, जुनी घराणी अशा प्रसंगांना ध्रुपदाच्या साथीच्या पखवाजाचा भरदार नाद इथल्या कानाला स्वाभाविक वाटतो. सरोदाचा धातूचा, किंचित कोरडा नाद दगडी वास्तूंना शोभतो. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचे ग्वाल्हेरचे घर आता ‘सरोद घर’ या नावाने संग्रहालय झाले आहे, तिथली जुनी वाद्ये पाहून आल्यावर कोणते वाद्य कोणत्या पात्राला द्यावे याचा विचार सोपा होतो. संगणकावरचे साठवलेले सरोद किंवा सारंगी यांच्यावर मात्र फार विसंबू नये. सुटे स्वर ठीक वाजतात, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आली की खोटेपणा उघडा पडतो. त्यापेक्षा माधव संगीत महाविद्यालय किंवा राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालय यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला रीतसर मानधन देऊन एक तास वाजवून घ्यावे. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीताचे शहर म्हणून घेतले आहे. अशा शहरात राहून सारंगी संगणकातून काढणे मला तरी कसेसेच वाटते.

स्वरांच्या निवडीबाबत एक उपयोगी किल्ली सांगतो. संगीतसंग्रहांत तुकड्यांवर पाश्चात्त्य मोडांची, म्हणजे सात ठरावीक सप्तकांची, नावे असतात आणि त्यांतले बरेच आपल्या थाटांशी जुळतात: डोरियन म्हणजे काफी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी आणि फ्रिजियन म्हणजे भैरवी. गेममध्ये डोरियन हा जुन्या गावांना आणि खानावळींना, लिडियन आश्चर्य आणि जादू यांना, तर फ्रिजियन संकटाला वापरण्याचा प्रघात आहे. इथे आपला कान अडखळतो, कारण भैरवी म्हणजे आपल्याला मैफलीची सांगता आणि भजन. त्या स्वरांनी राक्षस येतो हे पटत नाही. स्वर तेच असले तरी लय, वाद्य आणि स्वर लावण्याची रीत बदलली की भाव बदलतो, एवढे लक्षात ठेवावे आणि नावापेक्षा कानावर भरवसा ठेवावा. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना त्या सात मोडांत जोडच नाही, त्यामुळे परक्या, मंतरलेल्या ठिकाणासाठी यांच्यातून काही केल्यास ते इतर गेमसारखे वाटणार नाही.

रागांच्या वेळा पाळाव्यात का, असे पुतण्याने विचारले होते. बहुतेक खेळाडूंना त्याने काही फरक पडत नाही. पण गेममध्ये दिवस-रात्र होत असेल, तर आपल्याकडे आयती व्यवस्था आहे. गेममधला एक दिवस खऱ्या २४ मिनिटांचा धरला, तर आठ प्रहर प्रत्येकी ३ मिनिटांचे होतात. पहाटे भैरव अंग, दुपारी सारंग, संध्याकाळी यमन, रात्री मालकंस, असे चारच रंग ठेवून मधले प्रहर नुसत्या परिसराच्या आवाजावर सोडले, तर शांतता आणि संगीत यांची वाटणीही आपोआप होते. गाणारा आवाज, विशेषतः शब्द असलेला, मात्र जिथे मजकूर वाचायचा असेल तिथे टाळावा, कारण शब्द कानावर पडले की वाचणारा माणूस वाचू शकत नाही.

चौथी पायरी: पट्टी जुळवणे

गावातून जंगलात जाताना एक तुकडा मावळतो आणि दुसरा उगवतो, आणि काही सेकंद दोन्ही एकत्र ऐकू येतात. गावाचा षड्ज (सा) पेटीच्या पांढरी एक या पट्टीवर आणि जंगलाचा काळी एकवर असेल, तर ते क्षण दोन बेसूर पेट्या शेजारी वाजाव्यात तसे लागतात. शेजारशेजारच्या ठिकाणांचे तुकडे एकाच पट्टीत असावेत, किंवा षड्ज-पंचमाच्या नात्यात, म्हणजे पांढरी एक आणि पांढरी पाच असे असावेत. संग्रहातला तुकडा एखाद्या स्वराने वर-खाली करण्याची सोय ध्वनिसंपादनाच्या बहुतेक साधनांत असते, पण दोन स्वरांहून अधिक ओढला तर वाद्यांचा पोत बिघडतो.

पाचवी पायरी: आवर्तन न तुटता फिरवणे

लूप म्हणजे आवर्तनच. त्रितालाच्या सोळा मात्रा संपून सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, येते तेव्हा ऐकणाऱ्याला सांधा जाणवत नाही, तसाच तुकड्याचा शेवट त्याच्या सुरुवातीत विरघळला पाहिजे. त्यासाठी तुकडा मात्रेवर अचूक कापावा लागतो. लय मिनिटाला ६० मात्रांची असेल, तर चार मात्रांचा एक खंड ४ सेकंदांचा आणि असे ३२ खंड १२८ सेकंदांचे होतात. फाइलची लांबी याहून किंचित जरी कमी-अधिक असेल, तर प्रत्येक फेरीत ठेच लागते.

दुसरी अडचण आसेची, म्हणजे स्वर वाजून गेल्यावर रेंगाळणाऱ्या नादाची असते. शेवटच्या स्वराची आस फाइल संपताच कापली जाते आणि सांधा उघडा पडतो. यावर सोपा उपाय असा की ध्वनिसंपादनात तुकडा सलग दोनदा वाजवून घ्यावा आणि त्यातली दुसरी फेरीच कापून ठेवावी. पहिल्या फेरीची आस दुसरीच्या सुरुवातीला आलेली असते, त्यामुळे फिरवताना ती तुटत नाही. अगदी पहिल्यांदा वाजताना ही आस निराधार वाटते, म्हणून आधी छोटा मुखडा जोडावा. या कामाला ऑडॅसिटी हे मोफत साधन पुरेसे आहे.

फाइलचा प्रकार ओग व्हॉर्बिस ठेवावा. एमपी३ करताना सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता भरली जाते आणि लूपला तीच नडते. वेव्ह फाइल निर्दोष असते, पण ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ अशा नोंदीला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात, तर ओगला १२८ किलोबिट दराने सुमारे १ मेगाबाइट. चाळीस मिनिटांच्या संगीतात हा फरक ४०० आणि ४० मेगाबाइटचा होतो, आणि मोबाइलवर तो निर्णायक ठरतो.

सहावी पायरी: थर आणि लढाईत प्रवेश

खेळाबरोबर बदलणारे संगीत ही नवी गोष्ट नाही. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये चार स्वरांची उतरती पुनरावृत्ती होती, आणि शत्रू कमी होत तसतशी तिची गती वाढत जाई. १९९१ मध्ये लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या आयम्यूज या प्रणालीने एका प्रसंगाचे संगीत दुसऱ्यात सफाईने मिसळण्याची सोय केली. आज तेच काम एफमॉड आणि वाइज ही साधने करतात, आणि गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन वापरणाऱ्यांना ४.३ या आवृत्तीपासून थर आणि संक्रमण यांची सोय इंजिनातच मिळते. पहिल्या गेमला मी गोडोच सुचवेन. आणखी एक साधन शिकण्याचा भार त्यामुळे वाचतो.

थरांची पद्धत अशी: एकाच तुकड्याच्या तीन-चार फाइली करायच्या, सर्वांची लांबी आणि सुरुवात अगदी एक. पहिल्यात तंबोऱ्यासारखा धरलेला सूर, दुसऱ्यात सरोद, तिसऱ्यात पखवाज, चौथ्यात वरचे तार स्वर. सर्व फाइली एकदमच वाजत राहतात, फक्त त्यांचे आवाज कमी-जास्त होतात. खेळाडू जंगलात हिंडत असताना पहिला थर, शत्रू दिसताच तिसरा आणि वार झाला की चौथा. संग्रहातून तुकडा घेताना त्याचे असे सुटे थर मिळतात का हे पाहावे. मिळत असतील तर थोडा कमी आवडलेला तुकडाही घ्यावा, कारण एका तुकड्यातून चार प्रसंग निघतात.

लढाईचे संगीत अगदीच वेगळे असेल, तर ते कधी सुरू करायचे हा प्रश्न येतो. लगेच केले तर झटका बसतो, समेची वाट पाहिली तर उशीर होतो. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचे आवर्तन १२ सेकंदांचे होते आणि तेवढ्यात खेळाडू मरूनही जाईल. म्हणून पुढच्या चार मात्रांच्या विभागावर बदलावे, म्हणजे जास्तीत जास्त ३ सेकंद थांबावे लागते, आणि शत्रू दिसल्याच्या क्षणी पखवाजाची एक थाप स्वतंत्रपणे वाजवून ती ३ सेकंदे झाकावीत. लढाई संपल्यावर तिहाई (तोच बोल तीनदा) घेऊन समेवर यावे, असा मोह मला झाला होता आणि मी तो पुरवलाही. गेममध्ये मला स्वतःला सर्वांत आवडणारी जागा तीच आहे.

सातवी पायरी: परवाने

‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा ठरलेली रक्कम दिल्यावर दर वापरामागे पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी, म्हणजे इतरांना वापरू देण्यासाठीच्या) परवान्यांत सीसी-शून्य सर्वांत मोकळा आहे आणि सीसी-बाय असल्यास श्रेयनामावलीत नाव द्यावे लागते. एनसी (फक्त अव्यावसायिक वापर) असलेला तुकडा विकायच्या गेममध्ये चालत नाही. एनडी (बदलास मनाई) असलेल्यात बदल करून प्रसिद्ध करता येत नाही आणि हलत्या चित्राला संगीत जोडणे हाही बदलच मानला जातो, म्हणून तो टाळावा. ओपनगेमआर्ट आणि फ्रीसाउंड या संकेतस्थळांवर प्रत्येक तुकड्याचा परवाना वेगळा असतो, तो दर वेळी वाचावा.

आपल्याकडे एक गैरसमज हमखास आढळतो: बंदिश पारंपरिक आहे, तर तिचे ध्वनिमुद्रण वापरायला काय हरकत? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निराळे आहेत. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची बंदिश तुम्ही स्वतः वाजवून घ्यावी. कोणा कलावंताची १९९५ ची कॅसेट वापरू नये. तुम्ही बोलावलेल्या सरोदवादकाशीही साध्या कागदावर का होईना, लेखी करार करावा आणि त्यात गेम, त्याची जाहिरात आणि संगीताची स्वतंत्र विक्री या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख असावा. ओळख जुनी आहे म्हणून कागद टाळला की पुढे ओळखच टिकत नाही. संग्रहातला तुकडा यूट्यूबच्या कंटेंट आयडी या हक्क तपासणाऱ्या यंत्रणेत नोंदलेला आहे का हेही विचारून घ्यावे, नाहीतर तुमचा गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या चित्रफितींवर दावे येतात आणि ते तुमच्या गेमच्या वाटेला जाईनासे होतात.

आठवी पायरी: आवाजाची पातळी आणि चाचणी

वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले तुकडे वेगवेगळ्या पातळीवर असतात, म्हणून ते एलयूएफएस या, कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाने सारखे करावेत. पूर्ण गेमच्या एकत्रित आवाजासाठी घरातल्या मोठ्या पडद्यावर उणे २४ आणि हातात धरायच्या उपकरणांवर उणे १८ च्या आसपास, हे सोनीचे मार्गदर्शक आकडे बरेच जण पाळतात. पात्र बोलू लागले की संगीत ६ ते १० डेसिबलने खाली जावे आणि बोलणे संपल्यावर सावकाश वर यावे. संगीत, बोलणे आणि इतर आवाज यांच्या तीन वेगळ्या पट्ट्या सेटिंगमध्ये असाव्यातच.

चाचणी महागड्या हेडफोनवर करू नये. साध्या फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना करावी. तिथे पखवाजाचा खर्ज नाहीसा होतो आणि वरच्या स्वरांचा कर्कशपणा बोचू लागतो, त्यानुसार फेरफार करावेत. खेळणाऱ्याला संगीत कसे वाटले असे विचारू नये, कारण तो भिडेखातर छान म्हणतो. त्याऐवजी एक तास खेळू द्यावे आणि त्याने आवाजाच्या पट्टीला कधी हात लावला याची वेळ लिहून ठेवावी. ती वेळ पहिल्या पायरीच्या तक्त्याशी ताडून पाहिली की कोणत्या ठिकाणचा तुकडा बदलायचा ते कळते. आमच्या गावात आता तंबोऱ्याचा सूर आणि सरोदाचे अकरा स्वर एवढेच आहे. गेल्या चाचणीत पंचावन्नाव्या मिनिटाला एका मुलीने आवाज कमी केला, पण तेव्हा ती दुकानात होती, म्हणून सध्या वीस सेकंदांचा तो ठेका बदलण्याचे काम चालू आहे.